बळ आहे, वेगाचे काय?

हेलसिंकीत १९५२ साली कराडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलो गटात कांस्यपदकाचे मानकरी ठरले. २०२४ साली पॅरिसमध्ये त्याच ५७ किलो गटाचे कांस्य भारतालाच मिळाले. पण ते हरियाणाच्या अमन सेहरावतने आणले. मधल्या ७२ वर्षांत महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिंपिक पदक लाभले नाही. गावोगावच्या तालमी, जत्रांचे फड, १९६१ पासूनची महाराष्ट्र केसरीची परंपरा, आणि तरीही ही रिती ओंजळ!

मराठी मल्लाच्या अंगी बळ नाही, असे त्याचा शत्रूही म्हणणार नाही. प्रश्न बळाच्या जातीचा आहे. शेकड्यांनी मारलेल्या जोर-बैठकांनी दमसास वाढतो. परंतु स्नायूंची कमाल ताकद आणि ती क्षणार्धात प्रकट करण्याची क्षमता, या निराळ्या गोष्टी होत. स्नायूला आपले संपूर्ण बळ उभे करण्यास साधारणतः सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी लागतो. वेगवान धावपटूचे पाऊल भूमीला टेकते ते जेमतेम दहावा हिस्सा. तेवढ्यात जो अधिक जोर लावील तो पुढे जाईल. पट काढू पाहणाऱ्या मल्लाचे गणितही हेच. मातीत पाय रुततो, कुस्ती रेंगाळते, दमसासाला भाव येतो. मॅटवर मात्र तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत सारा निकाल लागतो.

ही स्फोटक ताकद जड वजन मोजक्या आवर्तनांत उचलून आणि उड्यांच्या सरावाने कमावता येते. विशेष म्हणजे आरंभीची वाढ स्नायू फुगून नव्हे, तर मज्जासंस्था अधिक स्नायुतंतू कामाला जुंपू लागल्याने होते. म्हणजे देहाचे वजन फारसे न वाढता. ज्या खेळात केवळ १०० ग्रॅम अधिक भरल्याने विनेश फोगाट पॅरिसच्या अंतिम लढतीला मुकली, तेथे याचे मोल काय वर्णावे?

तालीम मोडीत काढा, असा सल्ला देणारे पंडितही आहेत. (त्यांपैकी किती जणांनी अंगाला माती लावली असेल, हा भाग अलाहिदा.) दोरावर चढून कमावलेली पकड आणि गदा फिरवून बळकट झालेले खांदे कोणत्याही व्यायामशाळेला हेवा वाटावा असेच असतात. ते राखावेच. उणीव आहे ती मॅटची, वजनांच्या सळ्यांची आणि कोवळ्या वयातील मुलाला किती भार झेपेल हे जाणणाऱ्या शिक्षित वस्तादाची. केसरीच्या विजेत्याला मोटारगाडी देणारे दाते येथे मिळतात. त्या एका गाडीच्या किमतीत अनेक तालमींना सळ्या-वजनांचे संच घेता येतील.