विमानातील आसन

परदेशी असलेल्या मुलाकडे निघालेल्या वडील माणसांसाठी घरातील तरुण मंडळी मोठ्या हौसेने खिडकीजवळचे आसन राखून ठेवितात. हेतू स्तुत्य खरा; परंतु आमचा अनुभव निराळा आहे. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यास थेट जावयाचे म्हणजे १५-१६ तासांची बैठक. पहिल्या खेपेस आम्ही खिडकी घेतली. शेजारची दोन्ही माणसे झोपी गेलेली. त्यांस उठवावे कसे, या संकोचाने आम्ही जागचे हललो नाही व पाणीही बेतानेच प्यालो. उतरतेवेळी पाय इतके सुजले होते की, वहाणा चढेनात.

ही केवळ गैरसोय नव्हे. ४ तास किंवा अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केले. मुळात तो संभव अल्पच. तरी मधूनमधून उठून चार पावले टाकावी, हे उत्तम.

म्हणून वडिलांस वाटेलगतचे आसन द्यावे. रांगेत ३-४-३ अशी मांडणी असल्यास मधल्या चौघांतील कडेचे विशेष बरे. तेथे बहुधा एकाच शेजाऱ्यास वाट द्यावी लागते. हेलकाव्यांचे भय वाटणाऱ्यांनी पंखांजवळ बसावे. शौचकूपालगतची शेवटची रांग टाळावी. संकटकाळच्या दारापाशी पाय पसरण्यास जागा असते, पण ती सशक्तांसाठीच.

आसन तिकीट काढतानाच मागून घ्यावे. थोडे अधिक मूल्य पडले तरी द्यावे. ढग पाहण्याची हौस नातवंडांवर सोपवावी.