चित्राचे भाडे कोणी भरायचे?

दिवाळी आली की भिंतींना नवा रंग लागतो आणि त्या भिंतींवर काय टांगावे हा प्रश्न मात्र दर वर्षी कॅलेंडरवरच सुटतो. आपल्याकडे मोठी चित्रे निर्माणच होत नाहीत, अशी हळहळ रसिक मंडळी फराळाच्या ताटाभोवती करतात. दोष कधी चित्रकाराच्या प्रतिभेला दिला जातो, कधी समाजाच्या अभिरुचीला. माझे म्हणणे निराळे आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यात मोठे चित्र काढणारे हात आहेत. चित्राची वाट लागते ती वाटेत!

हिशेबच मांडू, शाळामास्तराला तेवढे येते. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे एक चित्र घ्या. ते जलरंगातले असले तर त्यावर काच हवी. ४ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला १० किलो भरते, म्हणजे या चित्राची नुसती काचच २२ किलोंची झाली. गावातल्या फ्रेमवाल्याचा हात बसलेला असतो देवांच्या तसबिरींवर आणि लग्नाच्या फोटोंवर. त्याच्याजवळच्या बारीक पट्टीला हा भार कसा पेलावा? चार दिवसांत कोपरे उघडतात. सागवान आमच्या विदर्भाला परके नाही. पण पुरते न वाळलेले लाकूड वैशाखाच्या उन्हात पिळवटते आणि आषाढात फुगते.

तैलचित्राला काच लागत नाही, हे खरे. कॅनव्हास चौकटीवरून सोडवून गुंडाळताही येतो. पण तो रुंद नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावा लागतो. नाहीतर रंगाचा थर दबून तडकतो. रंग जाड लावलेला असेल तर गुंडाळण्याची सोयच उरत नाही. आणि मुंबईत तो पुन्हा चौकटीवर ताणणार कोण? चित्रकारानेच मागोमाग जायला हवे. म्हणजे भाडे दोघांचे!

आता वाहतुकीकडे वळू. या चित्राची पेटी २०० सेंटिमीटर लांब, १४० रुंद आणि १५ जाड धरा. कुरिअरवाले या तिन्हींचा गुणाकार करून बहुधा ५,००० ने भागतात आणि येईल त्याला वजन म्हणतात. इथे ते ८४ किलो येते. चित्र, फ्रेम, पेटी मिळून ३० किलो भरले, तर उरलेले ५४ किलो कशाचे? हवेचे! वर्ध्याची हवा मुंबईला नेण्याचे भाडे आमचा चित्रकार भरतो. शिवाय बिल्टीवर शिक्का असतो, ‘माल मालकाच्या जोखमीवर’. पेटी उभी ठेवायची असते; ती आडवी पडते आणि तिच्यावर आणखी चार डाग चढतात. त्यात हमालाला बोल लावू नका. कापसाच्या गाठी उचलणाऱ्या त्या माणसाला चित्र आणि प्लायवुड यांतला फरक कधी कोणी सांगितला आहे काय?

एवढे सोसून चित्र पोचले की प्रदर्शनाची नियमपत्रिका पुढे येते. चित्र फ्रेम करून स्वखर्चाने आणून द्यावे. नापसंत झाल्यास ठरल्या मुदतीत स्वखर्चाने परत न्यावे. नियम सर्वांना सारखा! दादरच्या चित्रकाराला त्यासाठी टेम्पो पुरतो. वर्धेकराला रेल्वेने साडेसातशे किलोमीटरांहून अधिक जायचे आणि तेवढेच परत यायचे. कोल्ह्याने करकोच्याला जेवायला बोलावले आणि खीर उथळ थाळीत वाढली, ती गोष्ट आमची मुले पाठ्यपुस्तकात वाचतात. थाळी दोघांनाही सारखीच होती!

यावर शहाणे सांगतात, “मग लहान चित्रे काढा.” अहो, मी कादंबऱ्या लिहितो. चारशे पानांचे बाड मी स्पीडपोस्टाने धाडतो आणि पोस्टमनच्या पिशवीत मावावी म्हणून नायिकेला दहाव्या प्रकरणात मारा, असे मला कोणी सांगत नाही. चित्राचा आकार हा चित्राच्या अर्थाचाच भाग असतो. तो चित्रकाराने ठरवावा. मालवाहू गाडीच्या दाराने नव्हे.

या व्यवस्थेत चित्रे जात नाहीत, चित्रकार जातात. मंडला जिल्ह्यात १९२२ साली जन्मलेले सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, तिथून मुंबईला गेले आणि १९५० साली पॅरिसला. ते थोर झाले, याचा आनंदच आहे. पण घरदार सोडल्यावाचून मोठे चित्र काढता येऊ नये, हा काय न्याय झाला? उलट, भार दुसऱ्याने उचलला की काय होते तेही पाहा. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र लांबीला जवळजवळ १४ फूट. दिल्लीत काम करणाऱ्या एका डॉक्टरांनी ते घेतले आणि नॉर्वेला नेले. ऑस्लोच्या रुग्णालयात ते कित्येक दशके राहिले आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३७ लाख डॉलरांवर गेले. नेणारा भेटला, तर १४ फुटांचे चित्रही समुद्रापार जाते.

वर्ध्यात कोणी गांधीजींच्या साधेपणाचा दाखला देईल. जरूर द्यावा! फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींनी नंदलाल बोसांना बोलावले. बोस आणि त्यांचे सहकारी यांनी हातकागदावर शेकडो चित्रे रंगवली. खेड्यातल्या माणसांची, खेड्यातल्या माणसांसाठी. काचेचा थाट तिथे नव्हता. पण चित्रकाराला निमंत्रण होते, चित्रांना जागा होती आणि यजमानपण काँग्रेसने पत्करले होते. त्याच चित्रांतली काही २०१९ साली व्हेनिसला जाऊन आली. साधेपणा याला म्हणतात. सगळा भार पाहुण्यावर टाकून आपण हात झटकणे, याला साधेपणा म्हणत नाहीत.

तेव्हा मागणे मोठे नाही. पहिली निवड छायाचित्रांवरून करा, म्हणजे नापसंतीसाठी कोणाला भाडे पडणार नाही. निवडलेली चित्रे प्रत्येक महसुली विभागात एका ठिकाणी गोळा करा. पुन्हापुन्हा वापरता येतील अशा पेट्या संस्थेने ठेवाव्यात, एकच गाडी करावी आणि जाण्यायेण्याचा विमा संस्थेने उतरवावा. वर्धा जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून नागपूरहून थेट मुंबईच्या वेशीपर्यंत खुला झाला आहे. आता रस्त्याचे निमित्त उरले नाही. उरला आहे तो खर्च कोणाचा, एवढाच प्रश्न.

आणि वाचकहो, तुम्हीही गप्प बसू नका. सुट्टीत मुलांना घेऊन मुंबई-पुण्याच्या एखाद्या प्रदर्शनाला जाल, तेव्हा चित्रांखालच्या चिठ्ठ्यांवर गावांची नावे शोधा. आर्वी, हिंगणघाट, देवळी, पुलगाव यांपैकी एकही आढळले नाही, तर दारातल्या टेबलापाशी थांबा आणि संयोजकांना विचारा, “चित्रांचे भाडे कोण भरतो?”