किल्ली कुणाच्या हाती?

मुंबईच्या बंदरात २० सप्टेंबर २०२५ रोजी नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. अशा सहलीच्या बोटींवर चढण्याची रीत गेल्या काही वर्षांत पार बदलली आहे. प्रवासी घरबसल्या स्मार्टफोनवरील ॲपमध्ये पारपत्राचे व चेहऱ्याचे छायाचित्र भरतो, बंदरावर फोनचा पडदा दाखवितो, आणि काही बोटींवर खोलीचे कुलूपही फोननेच उघडतो. प्रिन्सेस क्रूझेस या कंपनीने तर २०१७ मध्ये नाण्याएवढे एक पदक आणले. ते अंगावर असले की प्रवासी दाराजवळ येताच कुलूप उघडते. खरेदीचा हिशेब त्याच पदकावर चढतो आणि प्रवासी बोटीवर कुठे आहे हेही कळत राहते.

अमळनेरच्या वाचकाला वाटेल, हे श्रीमंतांचे चोचले. आपल्याला त्याचे काय? परंतु सोयीच्या नावाने वर जे सुरू होते ते खाली सक्तीच्या रूपाने उतरते, हा अनुभव आहे. शिवाय एक महत्त्वाचा भेद ध्यानात घेतला पाहिजे. बोटीवरील प्रवाशाचा फोन बंद पडला, तर स्वागतकक्षातील कर्मचारी त्याला बहुधा तत्काळ प्लॅस्टिकची किल्ली देतो, कारण पैसे मोजलेला प्रवासी नाराज होणे कंपनीला परवडत नाही. म्हणजे ज्याच्यापाशी सर्व काही आहे, त्याच्यासाठी पर्यायही राखून ठेवलेला असतो. ज्याच्यापाशी काही नाही, त्याच्या पर्यायाची चौकशी कोण करतो?

तापी खोऱ्यातील लोहमार्गावरचे अमळनेर हे स्थानक या दृष्टीने पाहावे. गिरण्यांचे दिवस सरले, कोरडवाहू शेती पुरेना, म्हणून खानदेशातील हजारो कुटुंबे सुरतेच्या उधना-लिंबायतकडे यंत्रमागावर गेली. त्यांचे येणे-जाणे याच मार्गाने चालते. अनारक्षित तिकिटाचे ॲप रेल्वेने २०१४ मध्ये आणले. १ जुलै २०२५ रोजी सर्व सेवा एकत्र करणारे ‘रेलवन’ आले. रांगेत घालवावा लागणारा तास वाचतो, हा लाभ खराच आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु ॲपवरून तिकीट काढणाऱ्यास तीन टक्क्यांचा लाभ देण्याचे धोरणही रेल्वेने राबविले आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत त्याचा अर्थ सरळ आहे : एकाच डब्यात, एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, तो अधिक भाडे भरतो.

तत्काळ तिकिटाची गोष्ट आणखी बोलकी आहे. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट केवळ आधार-प्रमाणित खातेदारांनाच मिळू लागले. दलालांचा धंदा मोडावा हा हेतू स्तुत्यच म्हटला पाहिजे. परंतु त्याच वर्षी खिडकीवरही मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांक सांगण्याची पद्धत जाहीर झाली आणि टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. म्हणजे खिडकी उघडी राहिली, पण तिची किल्ली फोनमध्ये गेली.

हा फोन कुणाच्या हाती आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून थोड्याच अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाईल आढळला. इंटरनेट कधीही वापरलेल्या स्त्रिया केवळ ३३ टक्के होत्या, तर पुरुष ५७ टक्के. हे आकडे त्यानंतर वाढले असतील; परंतु मागे राहतात त्या पुन्हा म्हाताऱ्या, शेतमजूर स्त्रिया आणि अपंगच. घरात एक फोन असतो आणि तो घरच्या पुरुषाच्या खिशात असतो, ही वस्तुस्थिती कोणत्याही ॲपच्या जाहिरातीत दिसत नाही.

दुसरा प्रश्न श्रमाचा. पूर्वी कारकून जी माहिती नोंदवीत असे, ती आता प्रवासी स्वतः भरतो. काम नाहीसे झालेले नाही. ते पगाराविना ग्राहकाच्या माथी मारले गेले आहे. त्यातून होणारी बचत मालकाची, आणि फोनचा, डेटाचा व चुकीचा खर्च मात्र प्रवाशाचा. युरोपातील रायनएअर या विमान कंपनीने १२ नोव्हेंबर २०२५ पासून कागदी बोर्डिंग पास बंद केला, तो याच हिशेबाने.

याचा अर्थ यंत्राला विरोध करावा असा नव्हे. अमळनेरने तरी तसे करू नये. २९ डिसेंबर १९४५ रोजी याच गावी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली आणि पुढे तीच विप्रो म्हणून संगणकाच्या जगात गेली. विरोध आहे तो यंत्राच्या एकमेव दाराला.

शासनाने मनात आणले तर हे दार रुंद करता येते. विमानतळाच्या खिडकीवर बोर्डिंग पास देण्यासाठी काही कंपन्या २०० रुपये आकारीत होत्या. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ती आकारणी करता येणार नाही, असे बजावले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपंगांच्या ई-केवायसीसंबंधीच्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. विमानाच्या प्रवाशाला जे संरक्षण मिळाले, ते अनारक्षित डब्यातील प्रवाशाला का मिळू नये?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक सार्वजनिक सेवेत माणूस बसलेली खिडकी हा नागरिकाचा हक्क ठरावा. तेथे दर तोच असावा आणि फोनची अट नसावी. कागदी तिकीट व कागदी ओळखपत्र ग्राह्य राहावे. जेथे दुसरा मार्गच ठेवलेला नाही, तेथे माहिती देण्यास घेतलेली संमती ही संमती मानली जाऊ नये. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावचे स्थानक, बँक आणि रेशन दुकान या कसोटीवर तपासावे व तेथील अडचणी लेखी नोंदवाव्यात.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकविलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले, ते विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून. त्या युगानुयुगांच्या अन्यायाशी आजच्या अडचणीची बरोबरी होणार नाही. तरीही त्या उपोषणामागचे तत्त्व येथेही लागू पडते : जे सर्वांचे आहे, त्याच्या दाराची किल्ली थोड्यांच्याच हाती असू नये.