परिषदेची भाषा आणि घरची भाषा

भाषा व शिक्षण यांवरील परिषदा हैदराबादेस नव्या नाहीत. १९३१ साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच नगरीत भरले. त्या काळी उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून मिळे. देशी भाषेत शास्त्रे शिकविता येतात, हे त्या विद्यापीठाने दाखविले खरे. पण मराठी विद्यार्थ्याच्या घरची भाषा ती नव्हती, हे त्याचा गौरव करताना विसरले जाते. २०२० चे शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा स्थानिक भाषेतून शिकवावे म्हणते. या ‘किंवा’तच आपले मूल हरवते! ते मराठी बोलते, वाचीत नाही. विद्वानांनी या ‘किंवा’चा खल जरूर करावा, तोवर वडीलधाऱ्यांनी रविवारी तासभर नातवंडांना बाराखडी गिरवावयास बसवावे.