दिवा कुठे लावायचा?

मी मराठीचा मास्तर, विज्ञानाचा नव्हे. तरी लिहितो.

वेळासला २००२ मध्ये चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्था आणि गावकरी यांनी कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. ऑलिव्ह रिडलेचं पिल्लू रात्री वाळूतून वर येतं आणि जिकडे उजेड तिकडे धावतं. निसर्गाच्या हिशेबात तो उजेड समुद्राचा. आपण मात्र 'पर्यावरणाचं काम' म्हणून किनाऱ्यावरच सौरदिव्यांचे खांब रोवतो! वीज स्वच्छ खरी, पण पिल्लाला त्याचं काय? ते खांबाकडे जातं आणि कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी पडतं.

म्हणून सौरऊर्जा नको, असं नाही. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात विजेचे खांब पडले आणि कोकणातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. शाळेच्या, आरोग्यकेंद्राच्या छपरावर घट्ट बसवलेली पॅनेल आणि बॅटरी असती, तर निदान फोन चालले असते, लसी थंड राहिल्या असत्या.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. पॅनेल छपरावर, दिवे गावात. किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मे काळोखच असू द्या. अगदीच हवा असेल तर दिवा ठेंगणा, तांबडा आणि खाली तोंड केलेला असावा. हे ठरवायला मुंबईहून साहेब कशाला? ग्रामसभा पुरे. फक्त खांबाची जागा ठरते त्या दिवशी आपण सभेला हजर हवं.