कटर सुरू होत नाही?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि कोकणातल्या कितीतरी वाड्यांत नारळी, पोफळी, आंबे आडवे झाले. अशा वेळी रस्ता मोकळा करायला, घरावर पडलेले झाड हलवायला उपयोगी पडते ती पेट्रोलवर चालणारी करवत, म्हणजे चेनसॉ. पुष्कळ ठिकाणी तिला नुसते ‘कटर’ म्हणतात. पण वर्षातून दोन-चारदाच हाताळले जाणारे हे यंत्र नेमके गरजेच्या दिवशी रुसते. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, माणूस चिडतो आणि दमल्या हाताने धारदार साखळी चालवायला घेतो. अपघात होतात ते अशा वेळी. म्हणून आठ-दहा वेळा ओढूनही यंत्र सुरू झाले नाही, तर थांबून कारण शोधावे.

बऱ्याचदा दोष यंत्रात नसून सुरू करण्याच्या पद्धतीत असतो. कटर सपाट जमिनीवर ठेवावा, साखळीचा ब्रेक लावावा, मागच्या मुठीत उजव्या पायाचा पंजा रोवावा आणि डाव्या हाताने पुढची मूठ घट्ट धरावी. कटर हवेत धरून झटका देणे धोक्याचे. स्विच चालू आहे ना, हे आधी पाहावे. इंजिन थंड असेल, तर चोक पूर्ण लावून दोरी ओढावी. इंजिन एकदा ‘फट्’ करून बंद पडले, की चोक अर्धा करून पुन्हा ओढावी. इथेच गफलत होते. ती ‘फट्’ ऐकू न आल्याने पूर्ण चोकवरच दोरी ओढली जाते आणि इंजिनात पेट्रोल साचते.

तसे झाले असल्यास प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर पुसून कोरडा करावा. स्विच बंद ठेवून, प्लगविना पाच-सहा वेळा दोरी ओढली, की साचलेले पेट्रोल बाहेर पडते. हे काम उघड्यावर करावे, जवळपास विडी-काडी नको. मग प्लग लावून, चोक काढून पुन्हा प्रयत्न करावा. प्लगवर काजळी धरली असेल तर नवा बसवणेच सोयीचे. त्याला फार खर्च येत नाही.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही, असे समजावे. टाकीत नळीच्या टोकाला छोटा फिल्टर असतो, तो वाकवलेल्या तारेने बाहेर काढून बदलता येतो. टाकीचे झाकण सैल केल्यावर इंजिन सुरू झाले, तर टाकीत हवा शिरण्याची वाट बुजली आहे. एअर फिल्टरवर भुसा बसला असल्यास तो झटकून किंवा धुऊन, पूर्ण वाळल्यावर लावावा.

खरी गोम बहुधा जुन्या पेट्रोलमध्ये असते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा शोषून घेते. म्हणून मिश्रण महिन्याभरात संपेल एवढेच करावे. ऑइलचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल सांगितले असेल, तर १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल येते. ऑइलविना चालवल्यास पिस्टन जाम होतो आणि मग दुरुस्ती महागात पडते.

एवढे करूनही यंत्र दाद देत नसेल आणि दोरी अगदी हलकी, विरोधाशिवाय येत असेल, तर पिस्टन-सिलिंडर झिजले असण्याची शक्यता आहे. मग घरी खटपट न करता मिस्त्रीकडे द्यावे. कार्ब्युरेटरचे स्क्रूही उगाच फिरवू नयेत.

काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. मगच कटर ठेवून द्यावा. मे महिना संपण्यापूर्वी एकदा ताजे मिश्रण भरून तो सुरू करून पाहावा. काही बिघडले असेल, तर दुरुस्तीला पाऊस येण्यापूर्वी वेळ मिळतो. वादळाच्या दिवशी मिस्त्रीचे दुकान उघडे असेलच, याची खात्री नाही.