पाठिंब्याचा जमाखर्च



आपल्या घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एक प्रश्न विचारून पाहा. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र कधी लागले आणि त्या वेळी पंतप्रधान कोण होते? दहांपैकी किती जण बरोबर उत्तर देतील याची आम्हाला शंकाच आहे. तारीख होती १२ एप्रिल १९९० आणि पंतप्रधान होते विश्वनाथ प्रताप सिंग.

हे नाव काढले की देशात आजही दोन तट पडतात. कुणी त्यांना सामाजिक न्यायाचा पुरस्कर्ता म्हणतो, तर कुणी म्हणतो की या माणसाने देशात जातीची आग लावली. अशा वादग्रस्त पुढाऱ्याला पाठिंबा द्यावा की नाही, हा प्रश्न मध्यंतरी आमच्या वस्तीतील विहारात रविवारच्या चर्चेत निघाला. तो काढला धाराशिवच्या विद्यापीठ उपपरिसरात एम. ए. करणाऱ्या एका मुलीने. तिचे नाव येथे देत नाही, कारण महत्त्व नावाला नाही, तिच्या मताला आहे. ती उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "व्ही. पी. सिंगांना माझा पाठिंबा आहे. ते आज हयात नाहीत, तरीसुद्धा आहे."

ज्येष्ठ मंडळींमध्ये चुळबूळ झाली. एक बापू म्हणाले, "पोरी, तू तवा जन्मली पण नव्हतीस." ती नम्रपणे म्हणाली, "बापू, बाबासाहेब गेले तवा तुम्ही तरी कुठं जन्मला होता? वाचूनच कळलं ना तुम्हाला? मी पण वाचलंय." सगळे हसले, बापूही हसले. पण नंतर आक्षेपांची सरबत्ती सुरू झाली, आणि ते आक्षेप पोकळ नव्हते.

पहिला आक्षेप असा की हा माणूस मांड्याच्या संस्थानाचा राजा, जातीने ठाकूर. आपल्या दुःखाशी त्याचा काय संबंध? दुसरा आक्षेप, त्यांच्या सरकारला बाहेरून टेकू होता एकीकडे डाव्यांचा आणि दुसरीकडे भाजपचा. अशा सरकारचे कौतुक आपण का करावे? तिसरा आक्षेप, मंडल आयोग त्यांनी प्रेमापोटी लागू केला नाही. १ ऑगस्ट १९९० रोजी देवीलाल यांना मंत्रिमंडळातून काढले, ९ ऑगस्टला देवीलाल दिल्लीत शेतकऱ्यांचा मेळावा भरवणार होते, म्हणून ७ ऑगस्टला मंडलची घोषणा केली. म्हणजे हा राजकारणाचा डाव होता. चौथा आक्षेप एका निवृत्त शिक्षकांनी मांडला. १९८० ते १९८२ या काळात ते उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री असताना दरोडेखोरांविरुद्धच्या मोहिमेत पोलीस चकमकी झाल्या, आणि त्यात मागास जातींची माणसे मारली गेल्याचे आरोप झाले. ते कसे विसरायचे?

मुलीने एकही आक्षेप नाकारला नाही. ती म्हणाली, "हे सगळं लिहून ठेवा. पण दुसऱ्या बाजूला काय आहे तेही लिहा. एकाच बाजूचा हिशोब कुणी मान्य करील का?"

आम्ही पडलो कारकून. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि पुढचे आयुष्य नोंदवह्यांत गेले. त्यामुळे मुलीचे हे बोलणे आम्हाला लगेच पटले. जमा आणि नावे या दोन्ही बाजू भरल्याशिवाय शिल्लक कळत नाही. चला तर, जमेची बाजू पाहू.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण धम्म स्वीकारला. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती धर्माला बांधलेल्या होत्या. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या. पण रेल्वे, टपाल, बँका, केंद्राची कचेरी येथे बौद्ध म्हटले की दार बंद. मग आपल्या माणसांनी काय केले? घरात तथागतांची मूर्ती, भिंतीवर बाबासाहेब आणि कागदावर मात्र 'हिंदू'. पोटासाठी हे करावे लागले. त्या पिढीला आम्ही दोष देत नाही. पण स्वतःच्या हाताने आपला धम्म कागदावर लपवायचा, ही टोचणी किती घरांनी सोसली असेल याची मोजदाद कोण करणार?

ही कोंडी फुटली १९९० मध्ये. व्ही. पी. सिंग सरकारने कायद्यात दुरुस्ती करून हिंदू व शीख यांच्याबरोबर 'बौद्ध' हा शब्द घातला. तेव्हा कल्याण खाते रामविलास पासवान यांच्याकडे होते. कायद्यात शब्द एकच वाढला, पण तो यायला धर्मांतरानंतर चौतीस वर्षे लागली.

चर्चेला त्या मुलीचे वडीलही मागच्या रांगेत बसले होते. ते टपाल खात्यात आहेत. १९९४ साली बौद्ध म्हणून अनुसूचित जातीच्या जागेवर लागले. ते एवढेच म्हणाले, "माझ्या वडिलांना कागदावर खोटं लिहावं लागलं. मला लागलं नाही." त्यावर विहारात कुणी काही बोलले नाही.

त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले आणि तो सन्मान माईसाहेब आंबेडकरांनी स्वीकारला. १४ एप्रिल १९९० पासूनचे वर्ष सामाजिक न्याय वर्ष म्हणून पाळले गेले. अनुसूचित जाती-जमातींसाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याची घटनादुरुस्ती झाली. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ मध्ये राजीव गांधींच्या काळात संमत झाला होता, तो ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. जे ज्याचे आहे ते त्याच्या नावावर लिहिले पाहिजे, म्हणून ही नोंद मुद्दाम केली.

आता मंडलकडे येऊ. इतर मागासवर्गीयांसाठी आयोग नेमण्याची तरतूद बाबासाहेबांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या घटनेच्या ३४० व्या कलमातच आहे. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याची जी कारणे सांगितली त्यांत हा आयोग नेमला न जाणे हेही एक होते. पुढे कालेलकर आयोग झाला, त्याचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि बाजूला पडला. मंडल आयोगाचा अहवाल १९८० च्या अखेरीस तयार झाला आणि जवळजवळ दहा वर्षे कपाटात राहिला. मधल्या काळात सरकारे आली आणि गेली, पण ते कपाट कुणी उघडले नाही. ते उघडण्यामागे राजकारण होते हे मान्य. पण न उघडण्यामागे राजकारण नव्हते काय?

२७ टक्के जागांच्या त्या निर्णयानंतर उत्तर भारतात विद्यार्थी पेटून उठले. १९ सप्टेंबर १९९० रोजी दिल्लीच्या देशबंधू कॉलेजचा विद्यार्थी राजीव गोस्वामी याने स्वतःला जाळून घेतले. तो वाचला, पण त्याच्या मागोमाग इतर काही पोरे जिवानिशी गेली. मुलीने या पोरांचाही उल्लेख केला. ती म्हणाली, "ती पोरं चुकीच्या बाजूला होती असं मला वाटतं. पण तीही कुणाची तरी लेकरं होती. त्यांना कुणीतरी सांगितलं असेल की तुमचं ताट ओढून घेतलंय. आरक्षण काय आहे हे कुणी नीट समजावलं असतं, तर ती जळाली नसती." विरोधकाच्या मरणावर टाळी न वाजवणारी ही विद्यार्थिनी आम्हाला मोलाची वाटली.

पुढचा इतिहास वाचकांना माहीत आहे. रथयात्रा निघाली, अडवाणी यांना २३ ऑक्टोबरला समस्तीपूरला अटक झाली, भाजपने पाठिंबा काढला. ७ नोव्हेंबर १९९० रोजी लोकसभेत सरकारच्या बाजूने १४२ आणि विरोधात ३४६ मते पडली. अकरा महिन्यांत खुर्ची गेली. पण निर्णय गेला नाही. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रीमी लेयर वगळून २७ टक्के कायम केले. आज आपल्या शेजारचा माळी, कोष्टी, न्हावी समाजाचा मुलगा केंद्राच्या नोकरीत दिसतो तो त्यामुळे. मंडलचा आपल्याला लाभ नसतानाही आंबेडकरी चळवळीतील माणसे तेव्हा मंडलच्या बाजूने रस्त्यावर उतरली होती. ओबीसी बांधवांना याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

इथे आम्ही त्या मुलीच्या मतात एक भर घालू इच्छितो. कचेरीत फाईलवर शेवटची सही साहेबांची असते, पण टिपणी खालच्या टेबलावर तयार झालेली असते. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. आपली लाखो माणसे, बायाबापड्या, कडेवर लेकरे घेऊन तुरुंगात गेली. भूमिहीनांना जमीन ही मोठी मागणी होती. पण त्या मागण्यांत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे चित्र लावा आणि बौद्धांना सवलती द्या, याही मागण्या होत्या. म्हणजे १९९० ची टिपणी १९६४ मध्येच आपल्या माणसांनी लिहिली होती. ती फाईल पंचवीस वर्षे फिरत राहिली. व्ही. पी. सिंगांनी सही केली, हे त्यांचे मोठेपण. इतरांनी केली नव्हती, हेही खरे. पण ती उपकाराची सही नव्हती, हक्काची होती. म्हणून कृतज्ञता ठेवावी, लाचारी ठेवू नये.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना देशाला बजावले होते की राजकारणातील भक्ती माणसाला अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आपल्या कसबे तडवळ्याला आले होते. त्याचा आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे आणि असावाच. पण ज्यांचे पाय आपल्या मातीला लागले, त्यांचा हा इशारा आपण पाळतो काय?

हा प्रश्न आम्ही विचारतो, कारण आज आपली पोरे पाठिंबा फार लवकर देतात. कुणी मोबाईलवर पुढाऱ्याचे चित्र लावतो, कुणी त्याच्या वाढदिवसाचा फलक चौकात उभारतो, कुणी दुसऱ्या गटाच्या पोराशी मारामारी करतो. पुढाऱ्याला ते पोर माहीतही नसते. भीमा कोरेगावच्या घटनेनंतर ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदमध्ये राज्यात कितीतरी तरुणांवर गुन्हे दाखल झाले. संताप न्याय्य होता. पण गुन्हा नावावर असलेल्या पोराची नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणी अडते, तेव्हा कोर्टाच्या तारखेला त्याच्याबरोबर आईच असते, पुढारी नसतो.

म्हणून आईवडिलांना आमची विनंती आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी घरात एखाद्या पुढाऱ्याची बाजू घेऊन बोलू लागली, तर "गप बस, तुला काय कळतंय" असे म्हणू नका. तो पुढारी तुम्हाला पसंत असो वा नसो. फक्त एक वही पुढे ठेवा आणि म्हणा, बाळा, जमा आणि नावे दोन्ही लिही. त्याने कोणता कायदा केला, कोणता शासन निर्णय काढला, तो कुणाच्या कामी आला? त्यासाठी त्याने काय गमावले? त्याच्या हातून कुणाचे नुकसान झाले? आणि उद्या तो चुकला तर तू त्याला तोंडावर विचारू शकशील काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर तो पाठिंबा नसून भक्ती आहे. वही भरूनही मूल आपल्या मतावर ठाम राहिले, तर त्याच्या मताचा मान ठेवा. मत बनवायला शिकवणे हे आपले काम. कोणते मत बनवावे हे त्याचे काम.

त्या मुलीची वही आम्ही पाहिली. डाव्या पानावर व्ही. पी. सिंगांच्या जमेच्या गोष्टी आहेत, उजव्या पानावर उत्तर प्रदेशातील चकमकी, भाजपचा टेकू, काश्मीरचा बिघडलेला प्रश्न हे सगळे आहे. आणि खाली तिने शिल्लक काढली आहे, 'पाठिंबा आहे.' आमची शिल्लकही तीच निघते. बापूंची वेगळी निघते. त्यांनाही आमचा जय भीम.

व्ही. पी. सिंग २७ नोव्हेंबर २००८ रोजी दिल्लीत वारले. मुंबईवर अतिरेक्यांचा हल्ला सुरू होता, त्यामुळे त्यांच्या मरणाची बातमी कोपऱ्यात गेली. तमिळनाडू सरकारने २०२३ मध्ये याच तारखेला चेन्नईच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांचा पुतळा उभारला. आम्हाला पुतळा नको. २६ नोव्हेंबरला आपण गावोगावी संविधान दिन साजरा करतो. त्यात दहा मिनिटे काढून १९६४ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या आपल्या गावच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची आणि १९९० च्या त्या कायद्याची माहिती पोरांपुढे ठेवावी. सत्याग्रहातील जी माणसे आज हयात असतील त्यांची नावे, गाव, किती दिवस तुरुंगात होते, हे लिहून घ्यावे. हे काम कॉलेजातील मुलामुलींना सांगा. उमरगा, लोहारा, तुळजापूर, कळंब, भूम, परंडा, वाशी, कुठल्याही तालुक्यातून अशी वही आमच्याकडे आली, तर ती या सदरातून वाचकांसमोर जरूर ठेवू.

जय भीम.